बोर्ड एकटा जात नाही

चिचगडात यशोदा नर्सबाईंचा एक्स्टेन्शन बोर्ड मागितला की लगेच मिळायचा, पण एकटा मिळायचा नाही. बोर्डासोबत नर्सबाई यायच्या. वायरीचं वेटोळं खांद्यावर, बोर्ड काखेत, आणि पायातल्या रबरी चपला न काढता थेट स्वयंपाकघरात, कारण विजेजवळ अनवाणी जायचं नाही. चप्पल घालून साक्षात देव आला असता तरी माझ्या सासूबाईंनी त्याला दारातून परत पाठवलं असतं. नर्सबाईंना मात्र त्यांनी कधी हूं की चूं केलं नाही.

ही दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. आमच्या ओळीतल्या घरांना तेव्हा बैठकीत एकच सॉकेट असायचं. मिक्सर आले, इस्त्र्या आल्या, टेबलफॅन आले, सॉकेट तेवढंच. मग लोकांच्या अकला चालायच्या. प्लग तुटला की उघड्या तारा भोकात कोंबून वर आगकाडी ठोकायची, वायर चटईखालून न्यायची, नाहीतर खिळ्याला टांगायची. नर्सबाईंनी गोंदियाहून जाड वायरीचा, तीन पिनांचा बोर्ड करून आणला आणि गावाची ही खोड मोडायचं मनावर घेतलं.

मी कोणाच्या बापाला भीत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण नर्सबाई आल्या की मी ओले हात पदराला पुसत शाळेतल्या पोरीसारखी उभी राहायची. त्या आधी सगळी वायर उलगडायच्या. दोन हात वायर पुरत असली तरी सगळी. "गुंडाळलेल्या वायरीचा जीव घुसमटते," म्हणायच्या. मग कुठं चिरली, सोलली आहे का ते बोटांनी चाचपायचं, मग प्लग, मग बटण. एवढं झालं की पाट घेऊन बोर्डाशेजारी बसायचं. थोड्या वेळानं "ताप पाहू दे" म्हणत उलटा हात वायरीला लावायचा. वायर कोमट लागली की मिक्सर बंद, मग चटणी अर्धी का राहीना.

आणि त्यांचा मोठा कायदा एकच होता. "एका वेळी एकच पेशंट."

माझ्या दिराच्या लग्नाच्या दिवशी या कायद्यानं वरात अडवली. स्वयंपाकघरात बोर्डावर मिक्सर फिरत होता, तेवढ्यात नवरदेव बनियनवर, हातात शर्ट आणि इस्त्री घेऊन आला. सोबत कुठून तरी दुसरा बोर्ड पैदा केला होता, तो नर्सबाईंच्या बोर्डात खुपसायला लागला. नर्सबाईंनी नुसतं पाहिलं, आणि त्यानं तो आपल्याच हातानं मागे घेतला. बाहेर बँडवाले वाजवून वाजवून घामाघूम झाले होते, पाहुणे घड्याळं पाहत होते. शेवटी माझा नवरा मध्ये पडला. पाच मिनिटांचं काम आहे, एवढ्या वेळेला चालू द्या, म्हणाला.

"तुले जन्माच्या वेळीही अशीच घाई होती," नर्सबाई म्हणाल्या. "तवाही मी आयकलं नोयतं."

झालं. सगळी वरात चटणीसाठी थांबली. मोठमोठे साहेब गावात येऊन गेले, पण त्यांच्या शब्दाला एवढा मान मिळालेला मी पाहिला नाही.

नर्सबाई आरोग्य केंद्रात होत्या. अर्धं गाव पहिल्यांदा रडलं ते त्यांच्याच हातात. त्यांचं स्वतःचं असं घरात कोणी नव्हतं, पण कुठल्याही घरून केव्हाही बोलावणं यायचं आणि त्या निघायच्या. मग रस्ता चांगला झाला, बाळंतिणी देवरीच्या दवाखान्यात जायला लागल्या, आणि त्या रिटायरही झाल्या. त्यानंतर त्यांना दारोदारी नेलं ते या बोर्डानं. पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

आलं ते आमच्याकडे नवीन वायरिंग झाल्यावर. खोलीखोलीत सॉकेट, मी तर हरखून गेले होते. आमचं पाहून शेजाऱ्यांनी केलं, त्यांचं पाहून पलीकडच्यांनी. बोर्ड मागायला कोणी जाईना. नर्सबाई ओसरीत बसून वायर उलगडायच्या, फडक्यानं पुसायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. जाणाऱ्या-येणाऱ्या बायांना विचारायच्या, मिक्सर बरा चालून राहिला ना वो? बाया हो म्हणून पुढे निघायच्या. एवढी बाई, आणि कोणाला तिची गरज उरली नाही!

पोळ्याच्या आदल्या दिवशी लाखोळीच्या डाळीचे वडे करायचे होते. मी बैठकीतलं कॅलेंडर काढलं आणि स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या सॉकेटवर टांगलं. नवरा काही विचारणार होता, त्याच्यावर डोळे वटारले. मग स्वतः जाऊन नर्सबाईंना सांगितलं की मेला इलेक्ट्रिशियन स्वयंपाकघरात पॉइंट काढायचा विसरला, तुमचा बोर्ड पाहिजे. माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत वेटोळं खांद्यावर चढलं होतं.

वायर बैठकीपासून ओट्यापर्यंत उलगडली, चाचपून झाली, नर्सबाई पाटावर बसल्या. आणि तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांना कॅलेंडराच्या मागचं राशिभविष्य पाहायचं होतं. त्यांनी कॅलेंडर उलटं केलं, आणि मागून पांढरंशुभ्र, नवं कोरं सॉकेट बाहेर आलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी डाळीकडे पाहिलं.

नर्सबाई उठल्या. सासूबाईंच्या हातून कॅलेंडर सोडवून घेतलं, सॉकेटवर नीट सरळ केलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याचं खालचं टोक ओट्यावरच्या मिठाच्या बरणीमागे खोचलं, आणि पुन्हा पाटावर येऊन बसल्या.

"लाव मिक्सर," म्हणाल्या.

डाळ वाटून झाली. त्यांनी उलटा हात वायरीला लावला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग तोच हात उचलून माझ्या गालाला लावला.

"वायर ठंडी हाये," नर्सबाई म्हणाल्या. "तूच तापून राहिली."