एकशे ऐंशीचं वर्गमूळ

शाळेत गणिताच्या बाई मला बाकावर उभं करायच्या, ही गोष्ट आता जुनी झाली. आता माझ्याकडे कॅल्क्युलेटर आहे, आणि त्यावर वर्गमूळाचं बटण आहे!

सोमवारपासून बायकोचा व्यायामवर्ग आमच्या पुढच्या खोलीत सुरू होणार होता. आठ जणींनी नावं दिली होती. फरशी बर्फासारखी गार, म्हणून खोलीभर गालिचा हवा होता.

"अहो, टेप लावून माप घ्या."

"टेप कशाला? घराच्या कागदावर लिहिलंय, खोली एकशे ऐंशी चौरस फूट. वर्गमूळ काढलं की बाजू हातात!"

बटण दाबलं. १३.४१६४०७८! सगळे आकडे मी तिला मोठ्यांदा वाचून दाखवले. मी लगेच दुकानात फोन लावला: तेरा फूट पाच इंच, दोन्हीकडून!

सोमवारी चार वाजता गालिचा आला. अंथरला, तर एकीकडे तो साडेतीन फूट भिंतीवर चढला आणि दुसऱ्या टोकाला साडेचार फूट फरशी उघडीच!

"चुकीचा कापलात!" मी गालिचावाल्यावर डाफरलो.

त्याने टेप काढली. गालिचा बरोबर होता. मग न सांगताच त्याने खोली मोजली. रुंदी दहा, लांबी अठरा.

"साहेब, खोली लांबट आहे."

"पण अठरा दाहे एकशे ऐंशीच ना!" मी कॅल्क्युलेटर त्याच्या नाकासमोर नाचवला.

"हो की! मग आता खोलीच चौरस करून घ्या."

बायकोने माझ्या हातातला कॅल्क्युलेटर काढून कपाटात ठेवला. हे फार वाईट लक्षण! महिनाभर ती या वर्गासाठी राबली होती, आणि मी पहिल्याच दिवशी माती खाल्ली. मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचला आठही जणी आल्या आणि भिंतीवरचा गालिचा बघून दारातच थबकल्या.

"मुद्दाम केलाय तसा," बायको शांतपणे म्हणाली. "पाठ टेकली की भिंत गार लागत नाही."

"अगंबाई, किती बारीक विचार! कल्पना कुणाची?"

"यांची."

मी छाती फुगवून आत शिरलो. "त्याचं काय आहे, साधं गणित..."

"या ना, तुमचीही जागा ठेवलीय," बायको गोड आवाजात म्हणाली, आणि तिने उघड्या फरशीकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून वर्गात आम्ही नऊ जण आहोत. आठ जणी गालिच्यावर असतात.