गोबरगॅसचा पहिला श्रावण

"श्रावणी सोमवारी दिवा लागेपर्यंत तोंड उघडायचं न्हाई. घराला आग लागली तरी बादली उचलायची, बोंब मारायची न्हाई!"

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात सासूबाईंनी मला हे सांगितलं. त्यांचा तो आवाज अजून कानात आहे. रोज सकाळी लिंगपूजा, मग महादेवाला तांब्याभर पाणी, एक बेल, एकशेआठ नामं, आणि श्रावणी सोमवारी मौन. गर्व करू नये, पण पुढच्या बावीस वर्षांत माझं मौन एकदाही मोडलं नाही! धाकट्याच्या वेळी कळा सोमवारीच सुरू झाल्या, तर मी नर्सबाईला पाटीवर लिहून विचारलं होतं, "अजून किती वेळ?"

नोकरीसुद्धा देवानं बघूनच दिली. अंबाजोगाईच्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथपाल. ग्रंथालयात शांतता राखावी असा बोर्डच लावलेला; सोमवारी मी त्या बोर्डाखाली बसायची इतकंच.

लग्नाच्या तेविसाव्या वर्षी कॉलेजात एक परिपत्रक आलं. परिसर स्वच्छ आणि हिरवा ठेवणारा प्रकल्प सुचवा, सुरुवातीला बीजभांडवल मिळेल, प्रकल्प चालताना समितीला दिसला तर दुसरा हप्ता मिळेल. आमचे प्राचार्य राधाकिशन सर तेव्हा नव्या आर्थिक धोरणानं भारावलेले होते. प्रत्येक भाषणात ते जागतिक बाजारपेठेची दारं उघडत, आणि त्यांच्या केबिनचं दार मात्र पावसाळ्यात फुगून बसे. ते शिपाई सटवा खांद्यानं उघडी. सरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, "कोण घेतंय प्रकल्प?" विज्ञानवाल्यांनी वह्यांत डोकी घातली. मी हात वर केला.

"ग्रंथपालबाई? तुम्ही?"

"गोबरगॅस," मी म्हटलं. "मुलींच्या वसतिगृहाला."

कारण होतं रतनबाई. वसतिगृहात ती ऐंशी मुलींच्या भाकरी थापायची, ओल्या लाकडांच्या चुलीवर. स्वयंपाकघरात इतका धूर, की मुली ताट पुढं करताना आधी नाव सांगायच्या! तिचे डोळे कायम लाल. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, चूल सोडा नाहीतर डोळे सोडा. ती मला म्हणाली, "बाई, चूल सोडली तर पोटाचं काय? मला एकटीला कोन हाय?" तेव्हा मी तिचा हात धरून सांगितलं होतं, "रतनबाई, तुझी ही चूल बंद करून देईन. हा माझा शब्द."

तर पहिल्या हप्त्यात शहादेव मिस्त्रीनं वसतिगृहामागं गोबरगॅस बांधला. आमच्याकडं लोखंडी टाकीचा गोबरगॅस पोराटोरांना ठाऊक. हा मात्र नव्या पद्धतीचा, जमिनीत पुरलेला विटांचा घुमट. वर माती पसरायची ती दुसऱ्या हप्त्यात, म्हणून घुमटाचा माथा उघडाच. शहादेव हौशी! त्यानं काळ्या सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केला, पाणी साचू नये म्हणून भोवती गोल कट्टा केला आणि पाणी जायला उत्तरेकडं पन्हाळी काढली. तुम्ही शहाणे वाचक आहात, तुमच्या डोळ्यांपुढं काय उभं राहिलं ते मला कळलं. मला तेव्हा नाही कळलं! मी त्याच्याकडं फक्त रतनबाईची शेगडी म्हणून बघत होते.

शेजारच्या हौदात शेण पाण्यात कालवून तो शेणकाला आत भरून झाला. शहादेव बजावून गेला, "बाई, गिलाव्याला रोज पानी मारा. तडा गेला की ग्यास निसटला समजा."

पाणी मारायचं काम सटवाचं. पण श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सटवा लिंबागणेशला मेव्हण्याकडं गेलेला. मी देवळातून येताना बघितलं, गिलावा कोरडा ठक्क! हातात तांब्या होताच. कॉलेजच्या नळावर भरला आणि घुमटावर ओतू लागले. अंगावर पूजेचं पातळ, कपाळाला भस्म, दुसऱ्या हातात बेलाची परडी, आणि नामं पूर्ण व्हायची होती म्हणून ओठ हलताहेत.

नेमक्या रुक्मिणीबाई तिथून चालल्या होत्या. आमच्या गल्लीतलं एकही हळदीकुंकू त्यांच्याशिवाय होत नाही आणि एकही बातमी त्यांच्याशिवाय फिरत नाही.

"अगं बया! बाई, ह्यो महादेव कुठून आला?"

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही! पण मौन! मग मी खुणेनं समजावलं. जमिनीकडं बोट दाखवलं आणि दोन्ही हात सावकाश वर नेले, म्हणजे गॅस खालून वर येतो.

"जमिनीतून वर आला?"

मी खुश! किती लवकर कळलं बाईंना!

"आपोआप?"

गॅस आपोआपच तयार होतो. मी मान डोलावली.

रुक्मिणीबाईंनी चपला काढल्या, घुमटाला डोकं टेकवलं आणि अशा पळाल्या, की चपला तिथंच राहिल्या!

संध्याकाळी दिवा लावून मी तोंड उघडलं, तोवर घुमटावर चाळीस बेल आणि एक नारळ. मंगळवारी मी त्यांचं घर गाठलं.

"रुक्मिणीबाई, तो महादेव नाही हो. गोबरगॅस आहे."

"असू द्या बाई. तुमी कधी सोताचं पुन्य सोताच्या तोंडानं सांगता का?"

"अहो, त्याच्या पोटात शेण आहे!"

"मग? महादेवाला शेनाचं वावडं हाय का?"

मी उठले आणि घरी आले. खरोखरच वावडं नसतं.

दुसऱ्या सोमवारी वसतिगृहामागं जत्रा! वरच्या गॅसच्या नळीला कुणीतरी अभिषेकाचं गळतं भांडं टांगलं. नव्या सुना शिवामूठ घेऊन आल्या. पहिल्या सोमवारची तांदळाची मूठ वाहून झाली होती, पण स्वयंभू महादेवाला ती पोचली नाही म्हणून पुन्हा तांदूळ, वर या सोमवारचे तीळ. हे सगळं कुठं वाहायचं? तर शेणकाल्याच्या हौदात! त्यातच दूध, दही, मध. प्लँटला रोज पाच पाट्या शेण लागे, आणि ते मी ढीग करून ठेवलेलं. बायकांनी त्या शेणानं अख्खं आवार सारवून वर रांगोळ्या काढल्या. प्लँट उपाशी, अंगण तुकतुकीत!

सटवा रजेवरून आला आणि बादली घेऊन दारातच थबकला. "बाई, मी आठ दिस गेलतो, तवर कॉलेजानं देव बसिवला?"

शहादेव मात्र तृप्त. "असा गिलावा मह्या बापजन्मात भिजला न्हाई!"

घरी आमच्या यांचं किराणा दुकान. हे, म्हणजे मन्मथप्पा, मोजकं बोलतात. त्या आठवड्यात म्हणाले, "तीळ संपले. मूग किती आणून ठेवू?"

राधाकिशन सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, हा प्रकल्प आहे का देवस्थान? समितीला काय दाखवू?"

"सर, तुम्हीच सांगा ना लोकांना."

"मी?" सर खिडकीतून त्या गर्दीकडं बघत राहिले. "माझी सासूसुद्धा आहे हो त्यात."

तेवढ्यात पत्र आलं. समितीच्या सत्यशीला मॅडम औरंगाबादहून येणार. शेगडी पेटलेली दिसली तरच दुसरा हप्ता, नाहीतर प्रकल्प रद्द. तारीख बघितली. चौथा सोमवार!

रतनबाईला काही सांगावं लागलं नाही. ती चुलीपुढं फुंकणी घेऊन बसली होती. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "जाऊ द्या बाई. तुमी केलं तेवढं केलं. दिवाळीनंतर मी जाते नांदूरघाटला, भावाच्या दारात."

मी त्या दिवशी नामं मोजताना दोनदा चुकले.

चौथा सोमवार उजाडला. सत्यशीला मॅडम जीपमधून उतरल्या, हातात फाईल, पायात बूट. समोर टाळ, झांजा, दीडशे बायका!

"गोबरगॅस कुठं आहे?"

सरांनी बोट दाखवलं. मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "हा?"

"हाच. आमच्या मॅडम सगळं समजावून सांगतील." सर माझ्याकडं वळले. मी ओठांवर बोट ठेवलं. सरांचा चेहरा असा झाला, की मला त्यांची दया आली. "त्यांचं... मौन आहे."

"प्रकल्पप्रमुखांचं मौन?" मॅडमनी फाईल उघडली. "बरं. शेगडी पेटवून दाखवा."

घुमटाशेजारी चाचणीची एक छोटी शेगडी जोडलेली होती. सटवा काडेपेटी घेऊन पुढं झाला, तोच रुक्मिणीबाई आडव्या आल्या.

"ए सटवा, देवाला काडी लावतो का? हात तर लावून दाखव!"

"मावशी, ह्यो ग्यास हाय!"

"ग्यास तुह्या घरी! कावून आला रं मरायला?"

झांजा थांबल्या. बायका शेगडीभोवती कडं करून उभ्या राहिल्या. मॅडमनी घड्याळ बघितलं, पेनाचं टोपण काढलं आणि फाईलवर काहीतरी लिहायला सुरुवात केली. स्वयंपाकघराच्या दारात रतनबाई उभी होती. तिच्यामागून धूर येत होता. ती डोळे चोळत होती.

मी परडी खाली ठेवली.

"रुक्मिणीबाई, बाजूला व्हा."

माझा आवाज मुळातच बारीक. पण त्या क्षणी आवारात टाचणी पडती तर दचकली असती! रुक्मिणीबाईंचे डोळे पांढरे. "बाई सोमवारी बोलल्या..."

"बोलले. हा महादेव नाही. हे मी रतनबाईसाठी बांधलंय. धुरानं तिचे डोळे चाललेत. पोरींच्या भाकरीसाठी इथून गॅस जायचाय, आणि तो आज पेटला नाही, तर तिची चूल सुटणार नाही. तुमच्या पाया पडते, काडी लावू द्या."

आणि मी खरंच वाकले. रुक्मिणीबाईंनी मला मध्येच धरलं आणि दाराकडं वळून बघितलं.

"रतने, ही भानगड आधी कावून सांगितली न्हाई गं?"

"रोज सांगत व्हते! तुमी आरतीत व्हता!"

रुक्मिणीबाईंनी नाक ओढलं, बाजूला झाल्या आणि सटवावर खेकसल्या, "बगतो काय? लाव काडी!"

पहिली काडी विझली. दुसरी विझली. मी हौदाकडं बघितलं. पंधरा दिवस प्लँटला धड शेण नाही, गॅस येणार कुठून? तिसरी काडी लावली आणि 'भप्प!' निळी ज्योत अशी उसळली, की सटवाच्या अर्ध्या मिशा गेल्या. तांदूळ, तीळ, मूग, दूध, दही... हौदात सगळं आंबून असं काही पेटलं होतं, की कुठल्या शेणाची काय बिशाद!

"हर हर महादेव!" दीडशे बायका ओरडल्या. सत्यशीला मॅडमनी दचकून बूट काढले आणि मग ओशाळून पुन्हा घातले.

शेगडीवर चहा उकळला. मॅडमनी दुसरा हप्ता मंजूर केला. अहवालात काय लिहिलं ते सरांनी मला नंतर अभिमानानं वाचून दाखवलं: 'लोकसहभाग अत्युत्तम.'

"फक्त एक," मॅडम निघताना म्हणाल्या. "हे तांदूळबिंदूळ रोज मिळणार नाही. रोज सकाळी पाच पाट्या शेण पाहिजे. कोण आणणार? मला नाव लिहायचंय."

सरांनी सटवाकडं बघितलं. सटवानं उरलेल्या मिशीला हात लावला. दीडशे बायकांना एकदम घरची कामं आठवली.

"मी आणीन," मी म्हटलं. बावीस वर्षं जिभेला सोमवारी सुट्टी होती ना, एकदा सुटली ती आवरेना!

मंगळवारी सहाला लिंगपूजा केली, नामं पूर्ण केली. ह्यांनी विचारलं, "इतक्या सकाळी कुठं?" मी न्हाणीमागची पाटी काढली, डोक्यावर चुंबळ ठेवली, पदर खोचला आणि गवळीवाड्याच्या रस्त्याला लागले. वाटेत तृतीय वर्षाच्या दोन मुली सायकलवरून आल्या. "गुड मॉर्निंग, मॅडम!" मी एका हातानं पाटी सावरली आणि पहिल्या म्हशीच्या दिशेनं निघाले. ही पहिली खेप, अजून चार होत्या.