महाराजांच्या तळपायाची बखर

श्रीगणेशास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि ज्यांचे म्हणणे ऐकावयास कोणी उरले नाही त्यांसही नमन. शके सोळाशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सरी, एका राज्यात जे घडले ते लिहितो; राज्याचे नाव विचारू नये. महाराज पूर्वेकडील मोहीम फत्ते करोन, पुष्कळ गावे जाळोन परत आले, ते निद्रा गमावून आले. डोळा लागला की ओरडत उठावे, भरल्या ताटावरून उठावे, हुजऱ्यांवर खेकसावे, ऐसे जाहले. वैद्यराजांनी काढे दिधले, गुण थोडाच आला. मग राणीसाहेब दर्याबाई यांनी माहेरचा सुभानजी मर्दन्या आणविला, आणि त्याने महाराजांचे पाय मांडीवर घेऊन तेल लाविले आणि विनंती केली की, "महाराज, तळव्यात अवघा देह वसतो, ऐसे आमचे वडील सांगत. अंगठ्यात मस्तक, चवड्याखाली काळीज, टाचेपाशी कंबर. दाबिल्याने रोग जाईल ऐसे मी म्हणत नाही, जीव निवांत होईल. काढा चालू ठेवावा. फक्त भोवती गलबला नसावा." आणि त्याने चवडा दाबिला, तो महाराजांचे खांदे उतरले, श्वास लांबला, आणि बहुत दिवसांनी महालात घोरणे ऐकू आले. राणीसाहेब पदर तोंडास लावून रडल्या.

एवढ्यावर राहते तरी बरे होते. परंतु दिवाण नारोपंत अतिशहाणे. गलबला नसावा, इतकेच मागणे, त्याचा त्यांनी कायदा केला: पायास हात लागला की कोणी बोलू नये, बोलेल त्याचा कडेलोट. आणि एक हुजऱ्या शिंकला, सवयीने 'राम' म्हणाला, तो खरोखरीच कड्यावरून गेला. मग दरबार ऐसा गप्प जाहला की माशी बसलेली कळावी. महाराजांस हे फार मानवले. कोणी गाऱ्हाणे घेऊन आला की पाय लांब करावे, सुभानजीने दाबावे, आणि त्या गरिबाने उभे राहोन राहोन माघारी जावे. सुभानजीची बोटे सुजली, ती कोणी पाहिली नाहीत.

मग आश्विनमासी गनीम खिंडीवर चालोन आला. खिंडीच्या ठाण्यात राणीसाहेबांचे एकुलते चिरंजीव बाळोजीराजे थोड्या लोकांनिशी होते. त्यांचा जासूद भर दुपारी रक्ताने माखलेला दरबारी पोहोचला, आणि पागेत घोडे जिनासुद्धा तयार होते, महाराजांनी 'जा' म्हणावे इतकेच बाकी. परंतु पाय सुभानजीच्या मांडीवर होते. महाराजांनी एक डोळा उघडला, जासुदाचे तोंड पाहिले, सर्व समजले, आणि डोळा मिटोन म्हणाले, "सुभानजी, अजून जरा दाब." वाईट ऐकले असते तर निद्रा मोडली असती ना!

तेव्हा राणीसाहेब कायदा लाथाडून आत आल्या आणि ओरडल्या, "अहो, आपला बाळ खिंडीत अडकला आहे! स्वार सोडा!" महाराज हलले नाहीत. दिवाणांनी बोलावे तर तेही गुन्हेगार, म्हणोन त्यांनी दासींस खुणावले. राणीसाहेब म्हणाल्या, "सुभान, तू माझ्या माहेरचा. हात काढ रे!" सुभानजीने हात काढिले. महाराजांनी डोळे न उघडता टाच पुन्हा त्याच्या मांडीवर ठेविली. सुभानजीस कडा दिसला, लेकरे दिसली, आणि तो रडत रडत दाबू लागला. दासींनी राणीसाहेबांस ओढून नेले.

सायंकाळी महाराज ताजेतवाने होऊन उठले, आणि मग जासूद बोलिला, आणि मग घोडे सुटले. ठाणे केव्हाच पडले होते. सकाळी युवराजांस पालखीत घालोन आणिले. महाराज धावत गेले, जमिनीवर बसले, लेकाचे पाय मांडीवर घेतले आणि चवड्याखाली अंगठा रोविला. दाबीत राहिले, घाम गळू लागला, तरी दाबीत राहिले. "सुभानजी, काळीज येथेच ना?" सुभानजीने मान खाली घातली. "दिवाणजी, पाय ऊन लागतात ना?" दिवाण हात बांधोन उभे. पायास हात लागलेला, बोलेल कोण? मग महाराजांनी राणीसाहेबांकडे पाहिले. "तुम्ही तरी बोला." राणीसाहेबांस कड्याचे भय उरले नव्हते. त्या बोलल्या नाहीत.

येणेप्रमाणे युवराज गेले, महाराजांची निद्रा गेली ती परतली नाही, आणि सुभानजीने पुन्हा कोणाच्या पायास हात लाविला नाही. जैसे घडले तैसे लिहिले.