तबलजी येईपर्यंत

एका जंगलात, मुलांनो, एक संगीत मंडळ होतं. जंगल दाट होतं आणि मंडळ जुनं होतं. किती जुनं, ते मला नक्की सांगता येणार नाही. चिटणीस मुंगूस दर भाषणात वेगळा आकडा सांगत असे, त्यावरून बरंच जुनं असावं.

या मंडळाची एक रीत होती. कलाकार जितका मोठा, तितका वेळ तो सूर लावणार. तंबोरे जुळायचे, तबल्यावर हातोडी पडायची. तोवर श्रोत्यांनी डबे उघडायचे आणि एकमेकांच्या पिल्लांच्या परीक्षांची चौकशी करायची. तबलजीने पहिली थाप दिली की डबे बंद. मग ऐकायचं. मग माना हलवायच्या.

पहिली मान डॉक्टर कासवांनी हलवायची.

डॉक्टर म्हणजे औषधवाले नव्हेत. त्यांनी बेडकांच्या समूहगायनावर प्रबंध लिहिला होता. वय दीडशे. जागा पहिल्या रांगेत. त्यांची मान कवचाबाहेर येऊन हलली की मागच्या सगळ्या माना हलत. साठ वर्षांपूर्वी एकदा ती चुकीच्या जागी हलली होती. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. डॉक्टरांच्या मात्र रोज लक्षात यायचं.

एका रविवारी सकाळी समुद्राकडून एक खेकडा आला. दोन गव्यांच्या गाडीवर त्याचा भलामोठा काळा पियानो होता आणि पियानोवर बसून तारा जुळवणारा सुतारपक्षी आला होता.

खेकडा जॅझ वाजवायचा. जॅझ म्हणजे काय, हे मी पुष्कळ वाचलं आहे, पण समजलं आहे असं म्हणवत नाही. एक साधी चाल घ्यायची आणि वाटेत सुचेल तशी वळवत न्यायची, इतकं ढोबळमानाने खरं असावं. चुकत असेन तर मोठ्यांना विचारा.

वाजवण्याआधी खेकडा डॉक्टरांना भेटला.

"आजोबा, आजवर मी लाटांसमोर वाजवलं," तो म्हणाला. "लाटा वाईट नाहीत. पण काहीही वाजवा, त्या तेवढ्याच गाजतात. आज इथे एकाची जरी मान हलली, तरी पियानो इथेच ठेवीन. रोज वाजवीन. नाहीतर परत किनाऱ्यावर."

"हलेल हो," डॉक्टर म्हणाले. "योग्य जागी हलेल."

मुंगसाचं भाषण झालं आणि खेकडा पियानोवर चढला. एकटाच. तबला नाही, तंबोरा नाही, पेटी नाही.

खेकडा आडवा चालतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पियानोच्या पट्ट्याही आडव्याच मांडलेल्या असतात. त्याचे पाय पट्ट्यांवरून धावू लागले. डावीकडे कुणीतरी जड पावलांनी ओढा ओलांडत होतं आणि उजवीकडे त्याच वेळी गवतावर गारा पडत होत्या. मग गारा थांबल्या आणि ओढ्याने त्यांची नक्कल केली.

डॉक्टरांच्या शेजारी साळिंदरबाईंनी डबा उघडला.

"सूर छान लावतोय, नाही?" त्या म्हणाल्या. "घ्या, कंद घ्या. ठेचाही आहे."

"तबलजी कुठे राहिला?" मागून कुणीतरी विचारलं.

"येईल," मुंगूस म्हणाला. "नदीला पाणी आहे."

डॉक्टरांचा डावा पाय जमिनीवर ताल धरू लागला. त्यांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. मग डोळ्यांत पाणी आलं. आणि मग, कोणालाही न विचारता, मान दोन बोटं बाहेर आली.

डॉक्टरांनी घाईघाईने ती आत ओढली.

"काय झालं, डॉक्टरसाहेब?"

"काही नाही. बाई, हे... सुरू झालं आहे का?"

"तबलजी दिसतोय का कुठे? आणि तुम्ही मला विचारता होय? चेष्टा करताय गरिबाची."

आपण चेष्टाच केली होती, अशा थाटात डॉक्टर हसले.

कवचाच्या आत त्यांनी विचार केला. सूर लावण्यावर मान हलवणारा जाणकार कधी कुणी पाहिला आहे का? दीडशे वर्षांचं शरीर. मानेला वारा लागला असेल. डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्यामुळे. ठेचा त्यांनी अजून खाल्ला नव्हता, ही गोष्ट त्यांनी विचारात घेतली नाही. खेकड्याला शब्द दिला आहे. खरं वाजवणं सुरू झालं की पहिल्याच आवर्तनाला मान हलवू, असं त्यांनी ठरवलं आणि दोन्ही पुढच्या पायांनी मान आत धरून ठेवली.

तासाभराने खेकडा एका पायावर आला. फक्त तीन सूर, हळूच, पुन्हा पुन्हा. मग तेही थांबले. खेकड्याने वाकून नमस्कार केला. तेव्हा दुसऱ्या रांगेत लोणचं फिरत होतं.

खेकडा थोडा वेळ तसाच वाकून राहिला. मग त्याने सुतारपक्ष्याला हाक मारली. "मधली एक तार उतरलीय. उत्तरार्धाच्या आत बघ."

सुतारपक्ष्याने पट्टी दाबली. ठण्ण. मग चोचीने खुंटीवर ठोकलं. ठक ठक.

"आला," साळिंदरबाई म्हणाल्या.

डबे बंद झाले. पिल्लांना गप्प केलं गेलं. जंगलात पान हलेना.

ठण्ण, ठक ठक. ठण्ण, ठक ठक.

सगळे डॉक्टरांकडे पाहत होते. डॉक्टरांचा पाय थांबला होता. डोळे कोरडे होते. आत काहीही होत नव्हतं. त्यांना फार हायसं वाटलं. मान बाहेर आली आणि डौलाने हलली. मागे दोनशे माना हलल्या.

सुतारपक्ष्याला शाल आणि श्रीफळ मिळालं.

"मी फक्त खुंटी बघत होतो," तो म्हणाला.

"काय हा विनय," मुंगूस म्हणाला आणि आभार मानून त्याने कार्यक्रम संपवला. उत्तरार्धाचं कुणाला आठवलं नाही.

दुपारी पियानो गाडीवर चढला. डॉक्टर धावत पोचले, म्हणजे गाडी निघता निघता.

"तुम्ही जाताय?"

"माना हलल्या, आजोबा," खेकडा म्हणाला. "तुमची सगळ्यांत आधी. पाहिलं मी."

"तुमचे ते सूर..." डॉक्टर म्हणाले. मागे साळिंदरबाई उभ्या होत्या. "पुढच्या वेळी तबलजीला जरा लवकर आणा."

"तबलजी कुठला, आजोबा? मी एकटाच वाजवतो. माझं वाजवून झालं होतं."

गाडी निघाली. गाडीचा आवाज बंद झाल्यावरही डॉक्टर तिथेच उभे होते.

"काय म्हणत होता?" साळिंदरबाईंनी विचारलं.

"काही नाही. तबलजीचं कौतुक करत होता."

एवढ्यात डावा पाय पुन्हा ताल धरू लागला. तेच तीन सूर. डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच्यावर उजवा पाय ठेवला.

तात्पर्य : मुलांनो, एखादी गोष्ट फारच आवडू लागली, तर ती सुरू झाली आहे का, याची आधी शेजारी चौकशी करावी. गोष्ट हुकली तरी कंद मिळतात.