सूर्य बुडाल्याशिवाय जेवणार नाही

आधीच सांगतो, मी कुणाचं ऐकत नाही. जुन्नरच्या पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून माझा ऐकण्याचा कोटा तिथेच संपतो. (हे चेतनाला, म्हणजे माझ्या बायकोला, मान्य नाही. तिच्या मते मी दुकानातही ऐकत नाही.)

तर दोन हजार एक सालच्या मे महिन्यात मी ठरवलं, आयुष्यात एकदा तरी समुद्रात सूर्य बुडताना बघायचा, आणि तोही जीजीबरोबर. जीजी म्हणजे माझी मोठी बहीण, प्यारीबाई. लग्न होऊन रायपूरला गेली ती गेलीच. आमची भेट लग्नात नाहीतर मयतीला, तीही पाहुण्यांच्या गर्दीत.

सूर्यास्ताचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. आम्ही जैन. सूर्य मावळला की आमच्या घरात पाण्याचा घोटसुद्धा नाही. बापूजी दुकान अगदी शेवटच्या क्षणाला बंद करायचे, त्यामुळे सूर्य बुडायच्या वेळी आम्हा सगळ्यांची तोंडं ताटात. एकदा घाटघरला सहलीला गेलो होतो. नाणेघाटावर सगळी मंडळी पश्चिमेकडे बघत उभी, आणि मी न् जीजी त्यांच्याकडे पाठ करून घाईघाईने पुऱ्या गिळतोय. तेव्हा जीजी कानात म्हणाली होती, "मदन, मोठं झाल्यावर आपण दोघं बघू." मोठे होऊनही आता पंचवीस वर्षं झाली होती.

"अलिबागला जाऊ," चेतना म्हणाली.

"जीजीला रायपूरहून विशाखापट्टणमची सरळ गाडी आहे. तिकडेच जायचं."

"अहो, पण तो समुद्र..."

"समुद्र तो समुद्र."

बोरी बुद्रुकचा कांदा पिकवणारा हौशीराम तेव्हा दुकानात धोतरजोडी चाचपत बसला होता. तो म्हणाला, "शेट, सूर्य तर घाटघरच्या अंगाला मावळतो. तुमी लोणीच्या अंगाला निघालाय. उगवतीला."

"हौशीराम, तू कांदा बघ. भूगोल मी बघतो."

"बघा बा. आमी रोज बघतो ते सांगितलं."

विशाखापट्टणमला पोचलो. जीजी आमच्याआधीच येऊन धर्मशाळेत थांबली होती. तिला बघून मला इतकं बरं वाटलं, की सामान रिक्षातच राहिलं. (ते चेतनाने उतरवलं.) संध्याकाळी साडेपाचला जीजीने पानं घेतली. पुऱ्या, कैरीचं लोणचं, गट्ट्याची भाजी.

"आधी जेवून घ्या, मग निवांत बघा," चेतना म्हणाली.

आता हे साधं शहाणपण आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणाला सुचलं नव्हतं, आणि नेमकं बायकोला सुचलं. मला राग आला. नाणेघाटावरच्या सगळ्या पुऱ्या आठवल्या. मी ताट सरकवलं आणि चांगल्या पंधरा-वीस माणसांत मोठ्याने म्हणालो, "समुद्रात सूर्य बुडताना बघितल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही."

जीजीने हातातली पुरी खाली ठेवली. "नियम घेतलास?"

"घेतला."

आमच्यात नियम घेतला की घेतला. तो मोडला तर लोक आपल्याला मोडतात.

वाळूवर मी समुद्राकडे तोंड करून ठाण मांडलं. ऊन पाठीला लागत होतं आणि माझी सावली पुढे लांब लांब पाण्यात चालली होती. तरीही मला शंका आली नाही, याची नोंद घ्यावी. शेवटी चणेवाल्याला दया आली.

"सेठजी, यहाँ से तो निकलता है. डूबता उधर है, होटल के पीछे."

मी वळलो. होटेलच्या पाण्याच्या टाकीमागे सूर्य गडप झाला.

"आता अलिबागपर्यंत उपास का?" चेतनाने विचारलं.

"हो," मी म्हणालो. माघार घ्यायची नाही म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर धर्मशाळेच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं, 'जुन्नर निवासी श्री मदनलालजी की तपस्या'. मॅनेजर हात जोडून, साधूंची विचारपूस करतात तसं, "सुखसाता?" असं विचारून गेला. दुपारी आठ-दहा बाया माझ्याभोवती बसून स्तवनं म्हणायला लागल्या. एक म्हातारी माझ्या पाया पडली. तप कशासाठी, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. उकळलेलं पाणी पीत मी डोळे मिटून बसलो. लोकांना वाटलं ध्यान लागलंय. मला गट्टे दिसत होते.

संध्याकाळी सहाला जीजी आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात धर्मशाळेची भली मोठी परात.

"चल मुकाट्याने."

किनाऱ्यावर तिने पदर खोचला, लाटेत शिरून परात भरली आणि ती होटेलच्या बाजूला वाळूत ठेवली. "वाक. समुद्राचं पाणी आहे ना हे? मग हा समुद्र. त्यात बघ."

आम्ही दोघं पोटावर पडून परातीच्या काठाशी डोकं लावून बघत राहिलो. परातीत तांबडा सूर्य होता. तो थरथरत काठाकडे सरकला, अर्धा झाला, चिमूटभर उरला आणि गेला. जीजीचं डोकं माझ्या डोक्याला टेकलं होतं. मला रडू आलं. (उपाशी पोटी रडू लवकर येतं, तरीही.) लोक हसत होते. हसेनात का. अलिबागचा समुद्र मोठा असेल, पण त्यात माझी जीजी नव्हती.

"बुडाला?" तिने डोळे पुसत विचारलं.

"बुडाला."

"सुटला तुझा नियम."

मी डबा उघडला आणि पुरी तोंडापर्यंत नेली. जीजीने माझं मनगट धरलं.

"मदन, सूर्य मावळला ना आता."

तिने डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी समुद्रातून सूर्य वर आला. सगळी धर्मशाळा गच्चीवर गेली होती. जीजीने मला तीन हाका मारल्या. असा सूर्य जन्मात बघितला नाही, असं चेतना अजून सांगते. असेल. मी खालीच होतो. आमच्यात सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं झाल्याशिवाय तोंडात काही घालता येत नाही, आणि मी डबा मांडीवर घेऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो होतो.