बायजाक्काची लेक आणि खिंडीतली सायकल स्पर्धा

तर मुलांनो, चुळबुळ थांबवा आणि ऐका. एका जंगलात एक डोंगर होता आणि त्याच्या पायथ्याला उतारवाडी नावाचं गाव होतं. जंगलात गाव कसं, असं विचारू नका. गोष्ट मी सांगतोय.

उतारवाडीत गाढवं, म्हशी, शेळ्या आणि ससे राहायचे. सरपंच होता हैबतराव नावाचा रेडा. वर, खिंडीपलीकडे, पठारवाडी होती. दोन्ही गावांमध्ये वाट एकच. तिच्यावर जिथे दगड नव्हते तिथे खड्डे होते, आणि जिथे दोन्ही नव्हते तिथे वाटच नव्हती.

गावाची एक रीत होती. पावसाळा सरला की घरटी एकाने एक दिवस वाटेवर राबायचं. घरंगळलेले दगड कडेला लावायचे, पाण्याने कापलेल्या घळी मातीने बुजवायच्या. याला म्हणायचे वाटझाडणी. त्याने वाट चांगली होत नसे, पण पुढच्या पावसापर्यंत जीव धरून राही.

या वाटेवर बायजाक्का नावाची गाढवीण मीठ-गूळ वाहायची. तिची एकुलती एक लेक गोदी पठारवाडीला दिलेली होती. त्या साली गोदीला दिवस गेले. आता पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. सातव्यात लेकीला खाली आणायची. पण आणायची कोणत्या वाटेने? बायजाक्काला रिकाम्या पाठीने उतरताना घाम फुटायचा, तिथे भरल्या पोटाची पोर कशी उतरणार?

बायजाक्का दर ग्रामसभेत उभी राहून एकच मागणी करायची, वाट नीट करा. हैबतराव मान हलवायचा. रेड्याची मान मोठी असते. ती हलली की समोरच्याला वाटतं, काम झालं.

गोदीला पाचवा लागला होता तेव्हाची गोष्ट. शहरातून निहार नावाचा एक काळवीट आला. त्याच्याकडे जाड टायरांची सायकल होती. डोक्यावर हेल्मेट होतं आणि चारही गुडघ्यांना ढालींसारखं काहीतरी बांधलेलं होतं. तो प्रत्येक खड्ड्यापाशी थांबे, वाकून टेपने मोजे, फोटो काढे आणि वहीत लिहून घेई.

इथे बायजाक्काची चूक झाली. पण तिला हसू नका. आमच्याकडे जो वाकून खड्डा मोजतो आणि लिहून घेतो तो सरकारचाच असतो. दुसरं कोण कशाला मोजील?

तिने पाठीवरचं मीठ तिथेच उतरवलं आणि धावत त्याला गाठलं. मग दोन दिवस ती त्याच्या पुढे चालत होती. कुठे पाय मुरगळतो, कुठे पावसात पाणी मांडीपर्यंत येतं, कुठे तिचं गुळाचं पोतं दरीत गेलं, सगळं तिने दाखवलं. थोडं वाढवूनही सांगितलं. सरकारला दहा खड्डे सांगावेत तेव्हा दोन बुजतात, एवढं तिला अनुभवाने ठाऊक होतं.

"सायेब, हितं माझा गुडगा फुटला," ती म्हणाली.

"अप्रतिम," निहार म्हणाला आणि त्याने लिहून घेतलं.

शिकलेली माणसं हळहळतात ती अशीच हळहळत असतील, असं तिला वाटलं. तिने काम कधी होईल ते विचारलं. दसऱ्याच्या आत सगळं होईल, असं त्याने छातीठोक सांगितलं. बायजाक्काने टपालवाल्या सशाकडून लेकीला निरोप धाडला, वाट होतेय, काळजी करू नको. त्या आठवड्यात तिने गावभर पेढे वाटले.

दसऱ्याच्या आत सगळं झालं खरं. वाटेवर पाट्या लागल्या.

बायजाक्काला वाचता येत नव्हतं. तिने सशाला बोलावलं. ससा एकेका पाटीपुढे उभा राहून वाचू लागला. जिथे तिचा गुडघा फुटला तिथे लिहिलं होतं, 'गुडघेफोड वळण, अवघड'. जिथून पोतं गेलं तिथे, 'पोतंसांड उडी, फार अवघड'. आणि सगळ्यात उभ्या उतारावर, जिथे ती दोनदा घसरली होती, तिथे भल्या मोठ्या अक्षरांत, 'बायजाक्काची घसरण, फक्त जाणकारांसाठी'.

शेवटची पाटी वाचताना सशाने तिच्याकडे बघायचं टाळलं.

पुढच्या रविवारी सायकली घेऊन शहर लोटलं. चितळं आली, सांबरं आली, रंगीत चष्मे घातलेले मोर आले. ते आनंदाने पडत आणि पडलेल्याचा फोटो काढत. शेळ्यांनी चहाच्या टपऱ्या टाकल्या. म्हशींनी ताक आणि थालीपीठ सुरू केलं. ज्या वाटेची लाज वाटायची ती पाहायला लोक येतात म्हटल्यावर गाव छाती काढून चालू लागलं.

मग वाटझाडणीचा दिवस आला. गाव भाबडं. रिवाजाप्रमाणे सगळे गेले, आणि पाहुणे यायचेत म्हणून जरा जास्तच राबले. दगड काढले, घळी बुजवल्या, गुडघेफोड वळणावर तर सडाही घातला.

रविवारी पाहुणे आले आणि गप्प झाले. एक चितळ सबंध वाट उतरून गेलं तरी पडलं नाही. त्याला रडू आलं. 'पूर्वीची मजा राहिली नाही' असं त्याने मोबाइलवर लिहिलं आणि ते सगळ्या शहराने वाचलं. त्याच्या पुढच्या रविवारी टपऱ्यांवर माश्यासुद्धा आल्या नाहीत.

हैबतरावाने तातडीची ग्रामसभा घेतली. दगड हे आपलं वैभव आहे, खड्डा हा आपला वारसा आहे, असं तो पाऊण तास बोलला. शेवटी ठराव झाला. जो वाटेवरचा दगड हलवील त्याला दंड. आणि जुनी रीत मोडायची नाही म्हणून वाटझाडणी चालू ठेवायची, फक्त उलटी. घरटी एकाने एक दगड नेऊन वाटेवर टाकायचा.

बायजाक्का उभी राहिली.

"माझी लेक पोटुशी हाय. सातवा लागलाय. ती उतरायची कुठनं?"

हैबतरावाने मान हलवली, पण या वेळी आडवी.

"आक्का, तुझ्या नावाची पाटी लागलीय," तो म्हणाला. "आता तूच असं बोललीस तर कसं व्हायचं?"

घरटी एक म्हणजे बायजाक्काच्या घरचाही एक दगड आला. तिने त्यातल्या त्यात लहान, गुळगुळीत बघून नेला आणि वाटेच्या अगदी कडेला ठेवला. हैबतरावाने तो उचलून मधोमध आणला. मला या प्रसंगाचा राग येतो, म्हणून मी तो भरभर सांगितला.

सातवा गेला, आठवा लागला. वरून गोदीचे निरोप येत होते की येऊ का, आणि बायजाक्का कळवत होती की थांब. पठारवाडीला ना सुईण होती ना वैद्य. गोदीला सासूही नव्हती. बायजाक्काला भाकरी गोड लागेना.

मार्गशीर्षात गावात फलक लागला. खिंड ते उतारवाडी, भव्य डोंगरी सायकल स्पर्धा. नोंदणीच्या टेबलाशी निहार बसला होता. बायजाक्का त्याच्याकडे गेली आणि तुमची एवढी माणसं वर जाणार आहेत तर येताना माझ्या लेकीला हात देऊन आणा, म्हणून विनवू लागली. निहार वाईट नव्हता. त्याला खरंच वाईट वाटलं. पण स्थानिकांसाठी आपल्याकडे काही तरतूद नाही, असं त्याने हळहळून सांगितलं. सगळी व्यवस्था स्पर्धकांसाठीच होती. दर वळणावर दोन स्वयंसेवक, उतारांवर दोर, जागोजागी पाणी आणि केळी, स्ट्रेचर, आणि शेवटच्या स्पर्धकाच्या मागे डॉक्टर अस्वलीणबाई, औषधांच्या पेटीसकट. ही यादी त्याने मोठ्या अभिमानाने वाचून दाखवली.

बायजाक्का ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "स्पर्धक कुणाला हुता येतं?"

"कुणीही. नाव नोंदवायचं आणि सायकल बरोबर ठेवायची."

"बसायलाच पायजे का तिच्यावर?"

निहार जरा ओशाळला. "नाही. ढकलत आणली तरी चालते. आमचे बरेच जण तेच करतात."

"मग लिव्हा. गोदी, मुक्काम पठारवाडी."

"एकेरी की दुहेरी?"

बायजाक्काने क्षणभर विचार केला. "एकेरीच लिव्हा. आजून तरी."

टपालवाल्या सशाने आपली सायकल दिली. स्पर्धेच्या दिवशी पहाटे तो ती खांद्यावर घेऊन खिंडीत पोचला. तिथे येऊन थांबलेल्या गोदीच्या पोटावर एकेचाळीस नंबरचा कागद बांधला. दोरी पुरेना म्हणून दुसरी जोडली. शिट्टी वाजली आणि चितळं, सांबरं, मोर धडाधड खाली सुटले. गोदीने एक पाऊल टाकलं.

मुलांनो, असं उतरणं त्या डोंगराने कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या वळणावर दोन दणकट बैल स्वयंसेवक धावत आले. एकाने सायकल घेतली, दुसऱ्याने गोदीला आधार दिला. गुडघेफोड वळणावर तिच्यासाठी चटई अंथरली. पोतंसांड उडीपाशी दोर लावून तिला एवढं अलगद उतरवलं की बायजाक्काचं गुळाचं पोतंही कुणी कधी असं उतरवलं नव्हतं. जागोजागी टाळ्या, जागोजागी केळी. तिने अकरा केळी खाल्ली आणि एकालाही नको म्हटलं नाही. मागे डॉक्टर अस्वलीणबाई दर वळणाला तिची नाडी बघत चालल्या होत्या.

बायजाक्काच्या घसरणीवर मात्र सगळे थांबले. मधोमध दगडांची रास होती. बैलांनी एकमेकांकडे पाहिलं. स्पर्धकाची सुरक्षितता सर्वांत आधी, असं नियमांच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं. त्यांनी सगळे दगड उचलून दरीत टाकले. हैबतराव खाली मंडपात बसून दुर्बिणीतून हे पाहत होता. पण दंड कुणाला करणार? शहरी पाहुण्यांना?

पहिला आलेला मोर वीस मिनिटांत पोचला होता. गोदी दुपारी पोचली. शर्यत संपायच्या दोरीपाशी बायजाक्का सकाळपासून उभी होती. लेकीने दोरी ओलांडली आणि तिने लेकीच्या मानेत तोंड खुपसलं. सगळ्यांसमोर ती मनसोक्त रडली. मीही तिथे असतो तर रडलो असतो. हैबतरावाला स्पर्धा पूर्ण केल्याचं पदक गोदीच्या गळ्यात घालावं लागलं, आणि ते घालताना त्याने फोटोसाठी हसूनही दाखवलं.

बावीस दिवसांनी, माहेरच्या घरात, आपल्या एकेचाळीस नंबरला बघायला शहरातून पुन्हा आलेल्या डॉक्टर अस्वलीणबाईंच्या हातून गोदी सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली.

पुढच्या साली पठारवाडीतून दोनशे चौदा नावं आली. मोतीबिंदू झालेले आजोबा, पाय मोडलेला बोकड, नातवंडांना भेटायला निघालेली एक म्हैस आणि एक सबंध वरात, नवरदेवासकट. निहारने मोठ्या समाधानाने जाहीर केलं की स्थानिकांमध्ये खेळाची आवड वाढत आहे. उतारवाडीला क्रीडाप्रेमी गावाचा पुरस्कार मिळाला.

वाट अजून तशीच आहे. शर्यत संपली की संध्याकाळी गाव पुन्हा घरटी एक दगड नेऊन टाकतं. बायजाक्का ग्रामसभेला अजूनही जाते, पण वाट नीट करा असं आता ती म्हणत नाही. परवाच्या सभेत ती उभी राहिली आणि तिने स्पर्धा दर महिन्याला भरवण्याची सूचना मांडली. पठारवाडीतल्या दोघींना आठवा लागला होता. सूचना एकमताने मंजूर झाली.

तात्पर्य: मुलांनो, गावकरी म्हणून पडलात तर तो तुमचा वेंधळेपणा ठरतो, आणि स्पर्धक म्हणून पडलात तर चौघं उचलायला धावतात. तेव्हा मदत मागत हिंडू नका. नाव नोंदवा, छातीवर नंबर लावा आणि मग खुशाल पडा.