मँचेस्टरची लक्ष्मी

"बाबा, लक्ष्मीच्या पायाखाली मँचेस्टर आहे!"

विमला आतून ओरडली आणि ओटीवर येरझाऱ्या घालणाऱ्या आत्माराम शिवलकरच्या तोंडातली शपथ अर्ध्यावरच राहिली. "माझ्या घरात परदेशी चिंधीसुद्धा उरलेली नाही," एवढीच ती शपथ. पण सकाळपासून तो ती घोकत होता. उद्या संध्याकाळी आळीच्या चौकात परदेशी मालाची होळी व्हायची होती. ही शपथ घेऊन होळीला चूड लावण्याचा मान स्वदेशी समितीने त्याला दिला होता. नारळ-सुंभाच्या वखारीत मान मोडून कारकुनी करणाऱ्या माणसाला जन्मात पहिल्यांदाच कोणी चारचौघांत पुढे बोलावले होते. त्या मानापायी त्याने स्वतःचा लग्नातला कोट आणि यमुनेचे एकुलते एक वॉयलचे पातळ समितीच्या गोणीत घातले होते, आणि यमुनेनेही ते मुकाट्याने सोसले होते.

"काय आहे म्हणालीस?"

"मँचेस्टर. इथं बघा ना, बारीक अक्षरात छापलंय." विमला यंदाच इंग्रजी शिकू लागली होती आणि दिसेल ते अक्षर लावून पाहण्याचे वेड तिला लागले होते.

तिच्या मांडीवर घरची चित्रांची वही होती. ही वही म्हणजे शिवलकरांच्या घरातली चैन, आणि तीही बिनखर्चाची. बाजारात कापडाची गासडी फुटली की ताग्यांवर चिकटवलेली रंगीत चित्रे दुकानदार टाकून देत. आत्माराम ती मागून आणायचा. वखारीतल्या जाड तपकिरी कागदाची वही त्याने स्वतःच्या हाताने सुंभाने शिवली होती. रविवारी दुपारी यमुना तांदळाच्या पिठाची खळ शिजवायची, विमला चित्रे लावायची आणि आत्माराम हे वर, ते खाली, असे करीत मध्ये मध्ये लुडबुड करायचा. लक्ष्मी, सरस्वती, गोवर्धन उचललेला कृष्ण, द्रोणागिरी घेऊन उडणारा मारुती, सगळी मंडळी त्या वहीत सुखाने नांदत होती. कापड विलायती हे आत्मारामला ठाऊक होते. पण लक्ष्मी विलायती असेल, ही शंका कोणत्या भल्या माणसाला येईल?

त्याने चष्मा लावून पाने चाळली. जिथे तिथे मँचेस्टर.

"मारुतीसुद्धा?" त्याने क्षीण आवाजात विचारले.

"तो पण. डोंगराच्या खाली लिहिलंय."

आत्माराम मटकन पाटावर बसला. उद्या दुपारी समितीचे स्वयंसेवक घरोघर पाहणीला येणार होते. त्यांच्या हाती ही वही पडली, तर चूड राहिली बाजूला, लोक त्यालाच गोणीत घालतील. तो हळूच म्हणाला, "ही उद्या होळीत..."

"होळीत?" यमुना खळीचा चमचा घेऊन बाहेर आली. "देवाला जाळायचं म्हणता? दिवाळी आठ दिवसांवर आलीय आणि लक्ष्मीला जाळणार? जीभ तरी कशी उचलते तुमची!"

"मग काय करू? ठेवली तर शपथ खोटी, जाळली तर पाप."

"शेजारी देऊ या," विमला म्हणाली.

"पाहणी तिथंही आहेच. आपल्या पापाचा भारा त्यांच्या डोक्यावर कशाला?"

पुरावी म्हटले तर देवांवर पाय पडणार. फाडावी म्हटले तर मारुतीकडे बघून हात धजेना. शेवटी आत्मारामला वाट सापडली. देव घरातून सन्मानाने बाहेर काढायचे तर एकच रीत, विसर्जन. यमुनेला ते पटले. विमलाला पटले नाही. पण तिने वही एकदा छातीशी धरली आणि बापाच्या हातात दिली. तिने हट्ट केला असता तर बरे, असे आत्मारामला वाटले.

वही पाटावर ठेवून, वर खादीचा पंचा घालून, तो अनवाणी बाहेर पडला. मागून यमुना आणि विमला. गुपचूप मांडवीच्या किनाऱ्यावर जायचे आणि परत यायचे, असा बेत होता. पण पाट डोक्यावर घेतलेला माणूस आमच्या रत्नागिरीत गुपचूप कुठे जाऊ शकतो? तिसऱ्याच दाराशी गोदूबाईने हटकले.

"काय रे आत्माराम, पाटावर कोण?"

उद्या शपथ घ्यायची म्हणून आज खोटे बोलवेना. "लक्ष्मी," तो म्हणाला.

"आणि चाललास कुठं?"

"समुद्रावर. विसर्जनाला."

"मेल्या! दिवाळी तोंडावर आणि घरची लक्ष्मी बुडवायला निघालास?" गोदूबाईचा आवाज पार आळीच्या टोकाला ऐकू गेला. "यमुने, अगो, ह्याला झालंय तरी काय?"

यमुनेने मान खाली घातली. त्या मान घालण्यातून गोदूबाईला जे कळायचे ते कळले. "दृष्टांत झाला असणार," ती शेजारणीला म्हणाली. "नाहीतर ह्या दिवसांत लक्ष्मी कोण हलवतो? थांब रे, ओटी भरल्याशिवाय नेऊ नकोस!"

तिने पंच्यावर नारळ ठेवला, खण ठेवला. शेजारणीने हळदीकुंकवाचे पंचपाळे आणले. कोणीतरी झांजा काढल्या. दृष्टांताची बातमी आत्मारामच्या पुढे धावली आणि दर वळणावर वाढत गेली. पहिल्या वळणावर देवी स्वप्नात आली होती, दुसऱ्यावर ती बोलली होती आणि समुद्र दिसू लागला तेव्हा तिने यंदाच्या मासळीचेही सांगितले होते. वाळूवर पाऊल पडले तेव्हा पाठीमागे अर्धी आळी होती आणि आरतीचे दुसरे कडवे चालू होते.

नेमके समोरून समितीचे अध्यक्ष आप्पा येत होते. आप्पा मोठे कडक. विलायती बटण दिसले तर ते सदऱ्यासकट काढायला लावीत. आत्मारामने पाट दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"हे काय, आत्माराम?"

"आप्पा, घरातली लक्ष्मी... आता घरात ठेवता येत नाही," आत्माराम म्हणाला. यात एक अक्षर खोटे नव्हते.

आप्पांचे डोळे भरून आले. ते जमावाकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? परक्यांच्या राज्यात लक्ष्मी आपल्या घरात राहिलीच कुठं? हे सांगायला आत्मारामनं हे विसर्जन मांडलंन! आम्ही भाषणं करीत बसलो, ह्यानं करून दाखवलंन!"

टाळ्या पडल्या. आत्मारामने डोळे मिटून वही पाण्यात सोडली. लाट आली, वही घेऊन गेली, आणि विमलाने आईच्या पदरात तोंड लपवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा धाकू तांडेल दारात उभा राहिला. आयुष्य गलबतावर गेलेला माणूस, त्याचे हळू बोलणेही वल्हवणाऱ्यांना ऐकू जाईल असे. "आत्माराम! तुझी लक्ष्मी परत आली रे!"

त्याच्या हातात ओली, पण ठसठशीत लक्ष्मी होती. पायाखाली मँचेस्टर शाबूत.

"तुला कोणी सांगितलंन भरतीच्या पाण्यात सोडायला? ओहोटीला सोडायची! भरती काय, टाकलेलं घरपोच करते." धाकूचा चेहरा मात्र उजळला होता. "पण बरं केलंस हो. पाच वर्षांत घरात काही चांगलं आलं नव्हतं. आज दिवाळीच्या आधी लक्ष्मी स्वतः चालत आली. तुझे उपकार झाले."

खारट पाण्यात खळ सुटली होती आणि एकेक देव मोकळा होऊन रात्रीच्या भरतीबरोबर वाळूवर लागला होता. आत्मारामने आळीत डोकावले. घरोघरच्या अंगणात, कुठे सुपात, कुठे पाटावर, देव वाळत पडले होते. गोदूबाईने तर मारुतीपुढे उदबत्ती लावली होती. जो तो आत्मारामला पाहून हात जोडत होता. आणि दुपारी घरोघर पाहणी!

एकट्याच्या घरातले पाप आता अख्ख्या आळीत वाटले गेले होते. आपल्या मानापायी ह्या भोळ्या माणसांच्या दारात गोणी येणार, या विचाराने आत्माराम पुढ्यातले ताट सारून उठला. "मी आप्पांना सगळं सांगून येतो," तो म्हणाला.

"चूड जाईल हातची," यमुना म्हणाली.

"जाऊ दे."

"मग जा," ती म्हणाली, आणि चौकटीवरची टोपी तिने स्वतः झटकून त्याच्या हातात दिली. पातळ गेले तेव्हाही तिने असेच निमूट दिले होते. ह्या बाईचे आपण कधी धड आभारही मानले नाहीत, हे आत्मारामच्या तेव्हा ध्यानात आले.

आप्पा देवघरात बसले होते. आत्मारामने उंबऱ्यातूनच सुरुवात केली. "आप्पा, अपराध झालाय. ती वही..."

"ये, ये. पहाटे किनाऱ्यावर गेलो होतो," आप्पा त्याचे न ऐकताच म्हणाले. "ही पायाशी आली. पायाशी आलेल्या देवाला कोण परत लोटतो?"

देव्हाऱ्यात, हातकताईच्या सुताच्या हाराखाली, वहीतली दुसरी लक्ष्मी उभी होती. आत्मारामने घसा खाकरला. "तिच्या पायाखाली काही लिहिलेलं..."

"होतं का? असेल. ते समुद्रानं खाल्लंन."

आत्मारामने वाकून पाहिले. समुद्राने चित्राची खालची कड पट्टी लावल्यासारखी सरळ खाल्ली होती. समईच्या मागे कात्री होती आणि आप्पांच्या सदऱ्यावर कागदाचे दोन बारीक कपटे चिकटले होते.

"आळीत सगळ्यांकडेच असं झालेलं दिसतं," आप्पा खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "पाहणीला मी स्वतःच जातो. कुठं राहिलं असलं, तर तेवढं बघून घेईन." मग त्यांनी पाटाखालून वाळवलेल्या, तशाच कडा खाल्लेल्या चित्रांचा जुडगा काढून त्याच्या हातात ठेवला. "ही आणखी सापडली. विमलेला दे. तू पुढं गेलास, पण ती वाळूत बसून रडत होती. काल लोकांसमोर मला काही बोलता आलं नाही."

आत्मारामने टोपी काढून आप्पांच्या पायांवर डोके ठेवले.

"ऊठ, ऊठ. संध्याकाळी शपथ खणखणीत म्हण." आत्माराम अंगणात उतरला, तोच आप्पा मागून आले. इकडेतिकडे पाहत त्यांनी आवाज उतरवला. "आत्माराम, एक विचारायचं राहिलं. आमच्या घरची माणसं चित्रं चिकटवायची म्हणून सकाळपासून मागं लागलीयत. यमुना ती खळ कशी करते रे? पातळ की घट्ट?"